खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची तुलना : गोळा, वाटी आणि दांडा

मांडीच्या हाडात रोवलेला दांडा, त्याच्या टोकावरचा गोळा आणि कंबरेच्या हाडात बसवलेली वाटी मिळून खुब्याचा कृत्रिम सांधा बनतो. तो पारखताना बहुतेकांचे लक्ष आधी गोळा कशाचा आहे याकडे जाते. मला त्याचा व्यास अधिक निर्णायक वाटतो. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1962 पासून वापरलेल्या सांध्यात सुमारे 22 मिलिमीटरचा धातूचा गोळा पॉलिथिलीन या प्लॅस्टिकच्या वाटीत फिरत असे. लहान गोळ्यामुळे वाटीच्या पकडीवर घर्षणाचा पीळ कमी पडतो आणि झिजेची भुकटीही थोडी निघते. वाटी तेवढीच खोल झिजली, तर 36 मिलिमीटरचा गोळा अडीचपटीहून अधिक भुकटी पाडतो, आणि हीच भुकटी पुढे भोवतालचे हाड पोखरते. मात्र लहान गोळा वाटीच्या काठावरून लवकर निसटतो. रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून कणखर केलेल्या क्रॉसलिंक पॉलिथिलीनची झीज फारच कमी असल्याने हा पेच बराच सुटला आहे, म्हणून 32 किंवा 36 मिलिमीटर हा आज समंजस पर्याय ठरतो.

धातूवर धातू घासणाऱ्या मोठ्या गोळ्यांची शिफारस मी करणार नाही. डिप्यू कंपनीच्या एएसआर या अशाच सांध्याची वाटी उथळ होती. ती किंचित उभी बसली तरी भार काठावर येई आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण भोवतालच्या ऊतींत उतरत. 2010 मध्ये तो बाजारातून परत घ्यावा लागला. सिरॅमिकवर सिरॅमिकची झीज सर्वांत कमी, पण क्वचित तो करकरतो, आणि फुटलाच तर त्याचे तुकडे वेचणे शल्यविशारदाला जिकिरीचे जाते.

दांड्यांमध्ये एक्सेटर नावाचा, सिमेंटने बसवायचा दांडा मला विशेष उजवा वाटतो. त्याचा गुळगुळीत, निमुळता दांडा बोन सिमेंटमध्ये, म्हणजे तो हाडात पक्का धरणाऱ्या लेपात, एक-दोन मिलिमीटर खाली सरकून पाचरीसारखा घट्ट बसतो. 1976 मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला, तेव्हा दांडे अधिक सैल होऊ लागले; 1986 मध्ये पुन्हा चकचकीत पृष्ठभागच आणावा लागला. पुनर्शस्त्रक्रियेत तो ठोकून सहज निघतो आणि जुने सिमेंट शाबूत असेल तर त्यातच नवा दांडा बसवता येतो. सिमेंटविरहित टायटॅनियमचा दांडा तरुण, भक्कम हाडात उत्तम रुजतो. परंतु हाडाहून कित्येक पट ताठर असल्याने तो भार स्वतःकडे ओढतो व वरच्या बाजूचे हाड विरळ होत जाते. ठिसूळ हाडात तो ठोकताना तडा जाण्याचा धोका वेगळाच.

दुहेरी हालचालीची वाटी, म्हणजे जिच्यात गोळा पॉलिथिलीनच्या आवरणात आणि ते आवरण बाहेरच्या वाटीत फिरते ती, सांधा निखळण्यावर प्रभावी आहे. तरीही ती वारंवार सांधा निखळणाऱ्या किंवा स्नायू दुबळे असलेल्या रुग्णांसाठीच राखून ठेवावी, कारण आतला गोळा पॉलिथिलीनमधून सुटलाच तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.