काळ्या रानातली पिकअप आणि जॅकची निवड

पिकअपसोबत येणारा जॅक डांबरी रस्त्यावर निभावून नेतो. खरी परीक्षा होते ती गोदाकाठच्या काळ्या रानात. परतीचा पाऊस होऊन गेलेला असतो, सोयाबीनची पोती भरून गाडी मोंढ्याकडे निघते आणि पाणंदीतच मागचं चाक बसतं. टामी, म्हणजे जॅकची दांडी, मारत राहा, गाडी तसूभर उचलत नाही, जॅक मात्र मातीत जातो. म्हणून आपल्याकडे जॅक निवडताना आधी माती बघावी, मग किती टनी ते बघावं.

हिशोब साधा आहे. माल धरून गाडी ३ टनांच्या घरात गेली, तर मागच्या एका चाकावर टनभर भार येतो. बॉटल जॅकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बाटलीसारख्या उभ्या जॅकचा, तळ साधारण १० बाय १० सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. पाणी पिऊन फुगलेली काळी माती एवढं पेलत नाही. त्याच जॅकखाली ३० बाय ३० ची फळी टाकली की भार १.१ किलोवर येतो. सुताराकडून बाभळीची दोन इंच जाडीची फळी करून घ्या. पातळ प्लायवूड मधोमध वाकतं आणि जॅक तिरका होतो.

आता जॅकांकडे वळू. कैचीसारखा उघडणारा सिझर जॅक हलका, त्यात तेल गळायची भानगड नाही. पण त्याचा तळ अरुंद, आटे चिखलाने जाम होतात आणि भरल्या गाडीखाली तो डुलतो. पिकअपसाठी मी त्याचा विचारच करणार नाही.

बॉटल जॅक मात्र पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाडीला फार सोयीचा. तो थेट एक्सलखाली (चाकांच्या आसाखाली), पाट्याच्या जवळ लागतो, त्यामुळे थोडंसं उचललं तरी चाक जमिनीवरून सुटतं. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जॅक लावला तर आधी पाटे मोकळे होईपर्यंत नुसती बॉडीच वर जाते. ३ टनी हिशोबात बसतो, तरी मी ५ टनी घ्यायला सांगेन, कारण त्याचा तळ सहसा मोठा असतो आणि त्याला दमछाक होत नाही. अडचण उंचीची आहे. ५ टनी बॉटल जॅक बंद असताना साधारण २० सेंटिमीटर असतो, फळी धरून २५. टायर बसल्यावर एक्सल खाली येतो आणि एवढी जागा उरत नाही. अशा वेळी फळी बसेल एवढी माती खुरप्याने काढायची, तळ सपाट करायचा, मग जॅक लावायचा. हा जॅक गाडीत उभाच बांधून ठेवावा. आडवा लोळत राहिला तर तेल झिरपतं, आत हवा धरते.

फार्म जॅक, म्हणजे उंच दांड्याचा हाय-लिफ्ट, हा वेगळाच प्राणी. चाक खोल रुतलं असेल तर गाडी उंच उचलून चाकाखाली दगड, पऱ्हाट्या, तुराट्या भरता येतात. हे काम बॉटल जॅकला जमत नाही. पण त्याला धरायला मजबूत जागा लागते. पत्र्याचा बंपर चेपतो, म्हणून मागेपुढे जाड लोखंडी बंपर असेल तरच तो घ्यावा. गाडी एकाच दांड्यावर तोललेली असते, जरा कलली की सरकते. आणि दांडी भाराखाली उसळते. उतरवताना ती हातातून सुटली तर जबडा फुटू शकतो. तोंड दांडीच्या रेषेत कधीही आणू नका. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-आष्टीकडच्या बालाघाट डोंगराच्या उतारावर तर तो मी वापरणारच नाही. तिथे मुरूम घट्ट असतो, जॅक रुतत नाही, बॉटल जॅकवर काम होतं.

सायलेन्सरच्या धुराने फुगणारी हवेची पिशवीही मिळते. चिखलासाठी तिचा रुंद तळ उत्तमच. पण आपल्या रानात बाभळीचा काटा आणि तुरीचं धसकट टायर सोडत नाही, तिथे पिशवीचं काय? खाली जाड ताडपत्री अंथरायची तयारी असेल तरच घ्या.

एकच घ्यायचा तर ५ टनी बॉटल जॅक आणि फळी घ्या. ज्याची गाडी पावसाळाभर ऊस नाहीतर मोसंबीच्या रानात जाते आणि बंपर भक्कम आहे, त्याने फार्म जॅक जोडीला ठेवावा. कोणताही असो, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय मागचं चाक उचलू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवा.

दुकानात जाण्याआधी मागच्या टायरमधली हवा सोडून एक्सलखालची उंची टेपने मोजा. शक्य असेल तर माल भरलेली गाडीच दुकानाशी न्या, जॅकवर उचलून दहा मिनिटं तशीच ठेवा. जॅकचा वर आलेला दांडा बोटभरही खाली आला तर दुसरा जॅक मागा.