परदेशातून परतल्यावर साताऱ्यात पुन्हा गाडी शिकताना: एका ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरा दिवसांचा अनुभव

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये सात वर्षे गाडी चालवून गेल्या वर्षी साताऱ्याला परत आले, तेव्हा पहिले दोन महिने मी स्टिअरिंगला हात लावला नाही. वाहने दोन्ही देशांत डावीकडूनच चालतात आणि चालकाची जागाही उजवीकडेच असते, त्यामुळे माझी भीती घरच्यांच्या लक्षात येत नव्हती. अमेरिकेहून आलेल्याला बाजू बदलावी लागते, तुला कसली अडचण, असे सासूबाई विचारायच्या. माझी अडचण खुणांची होती. दिवे तेच, हॉर्न तोच, इंडिकेटरही तोच, पण त्यांचा अर्थ तिथे एक आणि इथे दुसरा. हा फरक कोणीतरी शेजारी बसून उलगडून सांगायला हवा होता, म्हणून शहरातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवसांचा सराव वर्ग लावला.

रोज अर्धा तास, शुल्क सहा हजार रुपये, छोटी हॅचबॅक गाडी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच व ब्रेकचे वेगळे पेडल, अशी व्यवस्था होती. शिकवणारे काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला चालवायला दिलेच नाही. मला डावीकडे बसवून ते स्वतः राजपथावरून मोती चौकापर्यंत गेले आणि समोरचे प्रत्येक वाहन पुढच्या क्षणी काय करील, ते मोठ्याने सांगायला लावले. इंग्लंडमध्ये लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात आणि त्याखेरीज १४ चित्रफिती दाखवून धोका किती लवकर ओळखता येतो, हे तपासतात. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सच्या चाचणीला ६० टक्के उत्तरे पुरतात आणि धोका ओळखण्याची अशी परीक्षा नसते. काकांना त्या चित्रफितींची माहिती असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी घेतलेला धडा नेमका तोच होता, आणि रिक्षातून बाहेर आलेला प्रवाशाचा पाय मला त्यांच्या आधी दिसला तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

चौथ्या दिवशीचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही. कोरेगाव रस्त्याच्या बाजूला एका अरुंद पुलाशी आम्ही पोचलो, आणि समोरून येणाऱ्या टेम्पोने दोनदा डिपर मारला. इंग्लंडमध्ये समोरच्याने असे दिवे चमकवले, की "तुम्ही आधी या" असा अर्थ सगळे घेतात. तिथली नियमपुस्तिका खरे तर सांगते, की दिवे केवळ आपण आहोत हे कळवण्यासाठीच चमकवावेत, पण सात वर्षांत रूढ अर्थच माझ्या अंगवळणी पडला होता. मी आभाराचा हात वर करून गाडी पुढे घेतली, आणि त्याच क्षणी काकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. टेम्पो वेग जराही कमी न करता आमच्या आरशापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. काका रागावले नाहीत. गाडी कडेला घ्यायला लावून म्हणाले, "ताई, इथं डिपर म्हणजे 'मी निघालोय, तुम्ही थांबा'. तो काही वाट देत नव्हता, वाट मागत होता." मग त्यांनी त्याच पुलावरून मला सहा वेळा ये-जा करायला लावली. मालवाहू गाडीचा उजवा इंडिकेटर लागला, तर ती वळणार आहे की आपल्याला पुढे जायला सांगते आहे, हे केवळ दिव्यावरून ठरवू नये, समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना मोकळा दिसल्याशिवाय बाजूने काढू नये, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले.

या शाळेचे मोल मला येथे जाणवले. आपल्याकडे शिकवणारे पुष्कळदा "नियम राहू द्या, इथं असंच चालतं" म्हणून मोकळे होतात. काकांनी एकदाही तसे म्हटले नाही. नियम काय आहे ते आधी, लोक काय करतात ते नंतर, आणि या दोहोंमध्ये आपण सुरक्षित कसे राहायचे ते शेवटी, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. राजवाड्याजवळ झेब्रा पट्ट्यांपाशी शाळेच्या मुली उभ्या पाहून मी सवयीने थांबले. मुली जागच्या हलल्या नाहीत, कारण गाडी आपल्यासाठी थांबली आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही, आणि मागच्या दुचाकीस्वाराला जेमतेम सावरता आले. लीड्समध्ये पट्ट्यावर पाऊल टाकलेल्या माणसासाठी थांबावेच लागते, आणि जानेवारी २०२२ पासून तर चौकात वळताना रस्ता ओलांडण्यासाठी नुसते उभे असलेल्यांनाही आधी जाऊ द्यायचे असते. मला वाटले काका म्हणतील, थांबत जाऊ नका. ते म्हणाले, थांबायलाच पाहिजे, आपला कायदाही तेच सांगतो. पण आधी आरशात बघा, ब्रेकवर हलका पाय ठेवून मागच्याला दिवा दिसू द्या, हात बाहेर काढा आणि मगच थांबा. दुसऱ्या दिवशी तसे केले, तेव्हा मुली ओलांडून गेल्या आणि त्यातल्या एकीने मागे वळून हात केला.

यवतेश्वरच्या घाटात दोन्ही देशांचे नियम एकमेकांना मिळालेले पाहून बरे वाटले. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हे तिथेही सांगतात आणि इथेही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, हे काकांनी घाटात दोन दिवस घोटून घेतले. हॉर्नबाबत माझा संकोच त्यांनी तिथेच घालवला. इंग्लंडमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत हॉर्न वाजवण्यास मनाई आहे आणि दिवसाही तो क्वचितच ऐकू येतो, त्यामुळे हॉर्न म्हणजे शिवी, असे माझ्या मनाने घेतले होते. आंधळ्या वळणावर एकदाच, वळणाच्या आधी, हे प्रमाण आता मला पटले आहे.

पोवई नाक्यावर भुयारी मार्ग झाल्यापासून वरची गर्दी बरीच हलकी झाली आहे, पण तिथे वळसा घालताना आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे, हा नियम पाळणारा एकटाच असला की मागचे अधीर होतात. तिथे मला अजून सराव हवा आहे. महामार्गावर वाढे फाट्यापासून शेंद्र्यापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. उजवी मार्गिका पुढच्या वाहनाला मागे टाकण्यापुरतीच वापरायची, हे इंग्लंडमध्ये कसोशीने पाळतात, तर आपल्याकडे भरलेले ट्रक नियम असूनही त्याच मार्गिकेतून चालतात. अशा ट्रकला डावीकडून काढण्याची वेळ आलीच, तर फाटा जवळ नसताना काढावे, कारण फाट्याशी तो न सांगता डावीकडे येतो, ही काकांची सूचना मी आजही पाळते.

उणिवाही सांगायला हव्यात. मागच्या आसनाचे पट्टे सीटकव्हरखाली दाबून टाकलेले होते, आणि मी मुलाला घेऊन आले त्या दिवशी ते बाहेर काढायला दहा मिनिटे लागली. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावणे दोन्ही देशांत बंधनकारक आहे, तेव्हा शिकवण्याच्या गाडीत तरी असे घडता कामा नये. अर्धा तास अपुरा पडतो. त्यातली दहा मिनिटे शहराबाहेर पडण्यातच जातात. रात्रीचा धडा मागूनही एकच मिळाला, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटला होता. गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात, आणि असे दृश्य मी इंग्लंडमध्ये कधी पाहिले नव्हते. जे डिसेंबरात सुटीला येऊन इथे गाडी चालवणार आहेत, त्यांनी प्रवेश घेतानाच रात्रीचे किमान तीन धडे ठरवून घ्यावेत आणि सकाळी सातची वेळ मागावी. काका त्या वेळेला स्वतः येतात.