एमए हिस्ट्री आणि पोर्तुगीज एकत्र केलं, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

बीए संपलेले बरेच ज्युनियर विचारतात, ताई हिस्ट्रीसोबत फॉरेन लँग्वेज घेऊ का, झेपेल का, उपयोग होतो का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी रेग्युलर एमए हिस्ट्री केलं आणि त्याच युनिव्हर्सिटीत संध्याकाळी पोर्तुगीजचं सर्टिफिकेट आणि मग डिप्लोमा. युनिव्हर्सिटीचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत.

आधी पोर्तुगीजच का ते सांगते. मी वसईची. वसईचा किल्ला आमच्यासाठी क्रिकेटचं ग्राउंड, शाळेची ट्रिप, पाहुणे आले की फिरायची जागा. तिथल्या पडक्या चर्चमध्ये फरशीवर अक्षरं कोरलेले मोठे दगड आहेत, त्या कबरी आहेत एवढं माहीत होतं पण काय लिहिलंय ते घरात, शाळेत कुणालाच सांगता यायचं नाही. पहिली सेमिस्टर संपल्यावर सुट्टीत एकदा सहज गेले आणि खाली बसून वाचायला लागले तर "सेपुल्तुरा" कळलं, म्हणजे कबर, पुढे नाव आणि मग "ए दे सेउस एर्देइरोस", आणि त्याच्या वारसांची. म्हणजे ही जागा एका घराण्याने पिढ्यानपिढ्यांसाठी राखून ठेवली होती, आपण इथेच राहणार, इथेच मरणार, आपली मुलं पण इथेच, असं धरून चालले होते ते लोक. आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. शाळेपासून मी ही तारीख आपल्या बाजूने पाठ केलेली, विजय म्हणून, आणि तो विजय आहेच, त्यासाठी आपली किती माणसं पडली ते वाचलं तरी अंगावर काटा येतो. पण समोरच्यांच्या डोळ्यासमोर त्या दिवशी काय आलं असेल ते त्या दगडावर बसून मला पहिल्यांदा जाणवलं. नुसत्या हिस्ट्रीच्या लेक्चरमधून ते कधीच झालं नसतं, आणि नुसत्या भाषेच्या क्लासमधून पण नाही.

एक गंमत त्याच दगडावर झाली. क्लासमध्ये "आहे" साठी "ए" शिकवतात, एक अक्षर, वर मात्रा. दगडावर होतं एच आणि ई. मला वाटलं नवीनच शब्द आहे, डिक्शनरीत शोधत बसले, मग मॅडमनी सांगितलं की अगं जुन्या स्पेलिंगमध्ये तोच शब्द असा लिहायचे, "एक" साठीच्या "उम" ला पण सुरुवातीला एच लावायचे, १९११ साली पोर्तुगालमध्ये स्पेलिंग सुधारलं त्याच्या आधीचे कागद वाचायचे तर हे सगळं वेगळं शिकावं लागतं. आणि इथेच मोठी अडचण आहे. लँग्वेज डिपार्टमेंट आजची भाषा शिकवतं, हॉटेलमध्ये रूम बुक करा, स्टेशनचा रस्ता विचारा, आणि हिस्ट्री डिपार्टमेंट म्हणतं ट्रान्सलेशन आहेत ना, त्यावर काम करा. मधला पूल कुणीच बांधत नाही. जुनं हस्ताक्षर कसं वाचायचं, "के" हा शब्द नुसता एक क्यू काढून वर रेघ मारून लिहितात, पदव्या अर्ध्या लिहून शेवटची दोन अक्षरं वर टांगतात, हे एकाही सिलॅबसमध्ये नव्हतं. मॅडमनी स्वतःचा वेळ देऊन शनिवारी बसवलं म्हणून जमलं.

टाइमटेबलचं पण तेच. यूजीसीने २०२२ पासून दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, फक्त लेक्चरच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत, पण परीक्षांच्या तारखा लावताना दोन डिपार्टमेंट एकमेकांना विचारत नाहीत. माझे दोन पेपर एकाच दिवशी आले, सकाळी आर्थिक इतिहास, दुपारी पोर्तुगीजची ओरल. अर्ज केला, उत्तर आलं नाही, दोन्ही दिले. एक स्टार त्यासाठी आणि त्या न बांधलेल्या पुलासाठी कापलाय.

भाषा म्हणून अवघड आहे का? क्रियापदं छळतात, उच्चार नाकातून असल्यामुळे पहिले दोन महिने हसू येतं, पण मराठी माणसाला आधीच इतके शब्द येत असतात की काय सांगू. चावी, साबण, पाव, बटाटा, पगार, घमेलं, पिंप, लिलाव, तुरुंग, हे सगळे तिकडून आलेत. आईला सांगितलं की पिंप पोर्तुगीज आहे तर तिला पटेचना.

आणखी एक फायदा ज्याचा मी विचारच केला नव्हता, तो तारखांचा. पोर्तुगीजांनी नवीन कॅलेंडर (ग्रेगोरियन, आज आपण वापरतो तेच) १५८२ लाच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे वसईच्या लढाईबद्दल मुंबईच्या इंग्रजांचं पत्र आणि पोर्तुगीजांचं पत्र यात ११ दिवसांचा फरक पडतो, शिवकाळात १० दिवसांचा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, नव्याने १६ जून. मूळ कागद दोन्हीकडचे वाचायला लागलं की हे आपोआप तपासायची सवय लागते.

दुसऱ्या वर्षी डेझर्टेशनसाठी पणजीला गोव्याच्या पुराभिलेखात तीन आठवडे बसले. हे दफ्तर १५९५ साली सुरू झालंय. तिथे "मोन्सोंइश दु रेइनु" म्हणून पुस्तकं आहेत, लिस्बनहून आणि लिस्बनला जाणारी पत्रं मान्सूनच्या वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांनी जायची म्हणून नाव तसं. पहिल्या दिवशी अख्ख्या दिवसात अर्धं पान वाचलं, खरंच अर्धं, शेवटच्या आठवड्यात दिवसाला चार. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दफ्तरात आयुष्य घालवलं आणि पोर्तुगीज-मराठे संबंध मराठीत आणले, त्या माणसाने किती पानं डोळ्याखालून घातली असतील याचा अंदाज मला तिथे बसल्यावर आला.

दुसरी कुठली भाषा घेऊ असं विचारणाऱ्यांना, आधी आपला विषय ठरवा मग भाषा. वेंगुर्ल्याची वखार करायची तर डच, कागद हेगला आहेत. शिवाजी महाराजांची दक्षिणेतली मोहीम, पाँडिचेरी, तर फ्रेंच. मोगलांशी संबंध असेल तर फारसीला पर्याय नाही. आणि यातलं काहीही घेतलंत तरी मोडी आधी शिका, आपल्याच घरचे कागद वाचता येत नसतील तर फॉरेनचे वाचून तुलना कशाशी करणार.

मी पुढच्या सुट्टीत परत किल्ल्यात जाणार आहे, त्या चर्चमधल्या सगळ्या दगडांवरचा मजकूर वहीत उतरवायचाय, काही पावसाने इतके झिजलेत की अजून थोडी वर्षं गेली तर वाचताच येणार नाहीत.