एसीचा फॅन फक्त ४ नंबरवरच चालायचा, शेवटी काम झालं एकदाचं

लातूरला नांदेड रोडला एक छोटं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, पत्र्याचं शेड, बाहेर दोन टायर टाकलेले बसायला, बोर्ड पण धड दिसत नाही. माझ्या गाडीचा ब्लोअर १, २, ३ वर एकदम गप्प अन् ४ वर टाकलं की वावटळ सुटल्यावानी, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली तर ते म्हणले पूरी मोटर बदला, साडेसहा हजार. मे महिन्यात ऊन असं की बिनएसीचं अंबाजोगाईपर्यंत जाणं नको वाटतंय, तरी म्हणलं थांबा.

इथल्या मामांनी ऐकूनच सांगितलं, "मोटर चांगलीय ओ, चार वर पळतीय ना, रेझिस्टर गेलाय." रेझिस्टर म्हणजे करंट कमी करून फॅनचा स्पीड कमी ठेवणारा पार्ट. चारवर करंट थेट मोटरला जातो, खालचे स्पीड रेझिस्टरमधून. ग्लोव्ह बॉक्स काढून, मान वाकडी करून आत शिरले अन् पार्ट हातात दिला, कॉइल काळी, प्लगचं प्लास्टिक वितळलेलं. मग प्लग पण बदलला. केबिन फिल्टर झटकला तर अर्धा किलो धूळ निघाली असंल, चोंदलं की हवा कमी येते म्हणले.

पार्ट अन् मजुरी मिळून साडेनऊशे, तासाभरात. पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, अन् दुपारी जेवायला गेले की दीड तास गायब. हिवाळ्यात हीटरला पण हाच फॅन लागतो म्हणून काम दोन्हीकडचं झालं. ग्लोव्ह बॉक्सचा एक स्क्रू कमी बसवलाय, खडखडतंय जरा, जाईन परत.