राजारामपुरीतील ‘व्यक्तिगत संरचना’ कार्यशाळा : पहिला दिवस अव्वल, दुसरा घाईचा

राजारामपुरीतील एका समुपदेशन केंद्राने अलीकडे शनिवार-रविवारी जॉर्ज केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या व्यक्तिगत संरचना सिद्धांतावर मराठीतून कार्यशाळा घेतली. कोल्हापुरात मानसशास्त्रावरचा जाहीर कार्यक्रम म्हटला की बहुधा ताणतणाव, परीक्षेची भीती आणि सकारात्मक विचार एवढ्यावरच बोलले जाते. त्यामुळे माणूस आपल्यापुरता जगाचा अर्थ कसा लावतो, हा मूळ प्रश्न इतक्या गांभीर्याने हाती घेतल्याबद्दल आयोजकांचे मनापासून कौतुक करायला हवे.

शनिवारची सकाळ सिद्धांताच्या मांडणीसाठी होती आणि ती उत्तम झाली. १९०५ मध्ये कॅन्ससमध्ये जन्मलेले केली १९३० च्या दशकात त्याच राज्यातील फोर्ट हेज येथे शिकवत असत आणि गावोगावच्या शाळांसाठी फिरते चिकित्सालय चालवत असत. मंदी आणि धुळीची वादळे यांनी शेतकरी पार खचले होते, असा तो काळ होता. आरंभी ते फ्रॉइडच्या पद्धतीने लोकांच्या अडचणींचा अर्थ लावून सांगत. पुढे त्यांनी मुद्दाम काही वेगळेच, स्वतःच रचलेले अर्थही सुचवून पाहिले, तेव्हा घडलेल्या गोष्टींशी जुळणारा आणि पुढची वाट दाखवणारा कोणताही अर्थ माणसाला सावरू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिद्धांताचे बीज या अनुभवात आहे. प्रत्येक माणूस शास्त्रज्ञाप्रमाणे पुढे काय घडेल याचा अंदाज बांधतो, तो अनुभवाशी ताडून पाहतो आणि ज्या दुटोकी, म्हणजे दोन विरुद्ध टोके असलेल्या, निकषांनी तो माणसांना व प्रसंगांना तोलतो, त्या निकषांना केली संरचना म्हणतात. आपल्या संरचना आपणच घडवलेल्या असल्यामुळे त्या बदलताही येतात, ही या सिद्धांतातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वक्त्यांनी घाई न करता समजावली.

हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांचा १९५४ चा अभ्यासही त्यांनी सांगितला. डार्टमथ आणि प्रिन्स्टन या अमेरिकेतील शिक्षणसंस्थांच्या संघांत १९५१ मध्ये झालेल्या धसमुसळ्या फुटबॉल सामन्याचे चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवले, तेव्हा डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांचा सामना पाहिलेल्या सभागृहाला यापुढे काही सांगावे लागले नाही. मात्र हा अभ्यास केली यांचा नव्हे, हे वक्त्यांनी स्पष्ट करायला हवे होते. अनेकांनी तो त्यांच्याच नावावर टिपून घेतला.

खरे समाधान दुपारच्या रेपर्टरी ग्रिडने, म्हणजे माणसाचे निकष त्याच्याच शब्दांत टिपणाऱ्या केली यांच्या तक्त्याने दिले. आई, वडील, आवडते शिक्षक, ज्याच्याशी पटत नाही असा सहकारी, ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते अशी व्यक्ती, अशा भूमिका दिल्या होत्या. त्या भूमिकेत बसणारी आपल्या ओळखीची माणसे चिठ्ठ्यांवर लिहायची, तीन-तीन चिठ्ठ्या समोर ठेवायच्या, त्यांपैकी कोणते दोघे एकमेकांसारखे आहेत आणि तिसरा त्यांच्याहून कशात वेगळा आहे, ते आपल्याच शब्दांत सांगायचे. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकांनी दोघांना ‘शांत’ म्हटले आणि तिसऱ्यासमोर ‘मनमोकळा’ असे लिहिले. पलीकडे बसलेल्या तरुणाच्या कागदावरही ‘शांत’ होते, पण त्याच्या समोरच्या टोकाला ‘भांडकुदळ’ होते. बाईंच्या लेखी शांत माणूस काहीतरी मनात ठेवणारा होता आणि त्या तरुणाच्या लेखी तो जिवाला थंडावा देणारा होता. दोघांचे कागद शेजारी ठेवल्यावर ही तफावत आपोआप दिसली. ग्रिड भरताना बाई ‘आई’ या चिठ्ठीपाशी बराच वेळ थांबल्या. प्रशिक्षकांनी त्यांना घाई केली नाही आणि शब्दही सुचवला नाही, ही जाण मला फार महत्त्वाची वाटली.

दुसऱ्या दिवशी नेमकी हीच जाण हरवली. वेळ वाचवण्यासाठी छापील विशेषणांची यादी वाटण्यात आली आणि त्या यादीवर सर्वांनी गुण द्यायचे ठरले. संशोधनात तयार संरचना देऊन ग्रिड भरून घेतात, हे खरे. परंतु माणसाचे स्वतःचे निकष वर यावेत यासाठी भरवलेल्या कार्यशाळेत दुसऱ्याचे निकष त्याच्या हाती देणे म्हणजे मूळ हेतूवरच पाणी सोडणे होय.

चिंतेवरील सत्र त्या मानाने सरस होते. समोर आलेल्या घटना आपल्या संरचनांच्या आवाक्याबाहेर आहेत, याची जाणीव म्हणजे चिंता, अशी केली यांची व्याख्या आहे. वक्त्यांनी ती २०१९ च्या महापुराशी जोडली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर पाहून ‘आपल्या उंबऱ्याला पाणी लागत नाही’ असा हिशेब मांडणाऱ्या घरांकडे पुढचा अंदाज बांधायला मापच उरले नाही. पूरग्रस्त भागातून आलेले दोघे-तिघे इथे बोलू लागले होते, त्यांना आणखी वेळ द्यायला हवा होता.

शेवटच्या नियत-भूमिका सत्राला मात्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाची कळा आली. केली यांच्या पद्धतीत समुपदेशक एका वेगळ्याच माणसाचे रेखाचित्र लिहून देतो, ती भूमिका माणूस साधारण दोन आठवडे रोजच्या व्यवहारात वठवून पाहतो आणि नंतर ती सोडून देण्यास मोकळा असतो. हे रेखाचित्र आदर्श माणसाचे नसते आणि त्या माणसाच्या नेमके उलटेही नसते. येथे ‘तुम्हाला व्हावेसे वाटते तसे वागा’ एवढ्या सूचनेवर ते आटोपले, त्यामुळे प्रयोग करून पाहण्याची मोकळीक जाऊन नवा संकल्प तेवढा पदरात पडला.

बैठकव्यवस्था आणि चहापाणी ठीक होते. गट छोटा असल्यामुळे प्रत्येकाला बोलायला मिळाले, आणि ग्रिडमधील नावे गुप्त राहतील, ही हमी आयोजकांनी पाळली. निदान किंवा उपचार हवे असतील त्यांनी येथे न येता थेट तज्ज्ञांकडे जावे. शिक्षक, समुपदेशन शिकणारे विद्यार्थी आणि घरातील रोजच्या बेबनावाचे मूळ शोधू पाहणारे यांनी शनिवारच्या दिवसासाठी तरी नाव नोंदवावे. पुढच्या वेळी आयोजकांनी छापील यादी बाजूला ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी एक दुपार पुन्हा एकत्र जमवावे, म्हणजे नवी ग्रिड भरून ती जुनीशी ताडून पाहता येईल. त्यासाठी वेगळे शुल्क घेतले तरी लोक आनंदाने देतील.