सरसकट पाळत की नेमकी पाळत? हरकती पाठवण्याआधी

इंटरनेटवरच्या पाळतीचा कायदा येऊ घातलाय आणि मसुद्यावर हरकती-सूचना पाठवायच्या आहेत, अशा वेळी ‘सुरक्षा हवी की खासगीपणा’ या प्रश्नात अडकू नका. त्यावर सगळेच ‘दोन्ही’ म्हणतात. खरी निवड असते दोन पद्धतींतली. सरसकट पाळतीत सगळ्यांचा डेटा आधी जमवतात आणि मग त्यात शोधतात. नेमक्या पाळतीत आधी संशय, मग पाळत.

सरसकट पाळतीचा सगळ्यात दमदार मुद्दा हा: ज्याचं नावच ठाऊक नाही, त्याच्यावर नेमकी पाळत ठेवणार कशी? हल्ल्यानंतर मागचे संपर्क शोधायचे तर नोंदी आधीपासून साठवलेल्या हव्यात. हे खोटं नाही. पण गणित मांडून बघा. समजा १० कोटींत १,००० गुन्हेगार आहेत आणि यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे. ती ९९० गुन्हेगार हेरेल आणि सोबत जवळपास १० लाख निरपराधांवर बोट ठेवेल. एवढ्यांची चौकशी करणार कोण? अमेरिकेत एनएसए ही गुप्तचर संस्था देशभरातल्या फोनच्या नोंदी जमवत असल्याचं २०१३ मध्ये तिथेच काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनमुळे उघड झालं. तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये लिहिलं, की देशाला असलेल्या धोक्याच्या एकाही तपासाचा निकाल या नोंदींमुळे ठोसपणे बदलल्याचं आढळलं नाही. २०१५ च्या कायद्याने तो साठा थांबला.

‘आम्ही मजकूर वाचत नाही, फक्त मेटाडेटा (कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद) घेतो,’ हे आश्वासन मला सगळ्यात फसवं वाटतं. आधी तपासणी प्रयोगशाळा, मग कर्करोगतज्ज्ञ, मग विमा कंपनी, मग वकील. एवढे चार फोन पुरेत, संभाषण ऐकायची गरजच नाही. ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणणाऱ्यांनी स्वतःची महिनाभराची कॉलयादी एकदा परक्याच्या नजरेने वाचावी.

नेमकी पाळत आपोआप सोवळी ठरते असं मात्र नाही. पेगाससारखं हेरसॉफ्टवेअर एकाच फोनमध्ये शिरतं, पण तिथे एन्क्रिप्शनही (संदेश कुलूपबंद करून पाठवणंही) निरुपयोगी ठरतं, आणि त्या माणसाशी बोलणारे सगळेच उघडे पडतात. म्हणून सही कोणाची, हे बघायचं. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली परवानगी गृहसचिव देतो आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. कुंपणच शेत खाऊ लागलं तर विचारायचं कोणाला? ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते. जर्मनीत पाळत संपल्यावर, तपासाला धोका उरला नसेल तर, संबंधिताला तसं कळवावं लागतं.

माझं मत नेमक्या पाळतीला, तेही न्यायाधीशाच्या परवानगीने आणि नंतर कळवण्याच्या अटीवर. सरसकट पाळत टळणारच नसेल, तर युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाचा ब्रिटनविरुद्धचा २०२१ चा निकाल कामी येतो. त्याने ही पद्धत मुळातून नाकारली नाही. सुरुवातीलाच स्वतंत्र परवानगी नसणं ही त्रुटी मानली.

तेव्हा मसुदा हाती आला की प्रस्तावना सोडून द्या (ती नेहमीच सुंदर असते) आणि आधी ‘न्यायाधीश’ हा शब्द शोधा. मग डेटा किती दिवस ठेवणार तो आकडा. आणि शेवटी, प्रत्येक शोधाला वेगळी परवानगी लागते की एकदा साठा झाला की कोणीही अधिकारी त्यात हात घालू शकतो, ते कलम.