व्हिटनी ह्यूस्टनची कव्हर गाणी : मुळासकट ऐकावीत अशी

१९९२ सालच्या ‘द बॉडीगार्ड’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे व्हिटनी ह्यूस्टनचेच गाणे, असे अनेकांना आजही वाटते. प्रत्यक्षात ते कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचे नव्याने गायलेले रूप आहे; मूळ गाणे अमेरिकी कंट्री गायिका डॉली पार्टनने गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडताना निरोपादाखल लिहिले आणि १९७४ मध्ये स्वतःच गायले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या मूळ गाण्यात शेवटचे कडवे ती गात नाही, बोलते. आवाज जरासुद्धा चढत नाही, आणि म्हणूनच तो निरोप खरा वाटतो.

निर्माता डेव्हिड फॉस्टर याने व्हिटनीला सुरुवातीची सुमारे पाऊण मिनिट वाद्यांवाचून गाऊ दिले, हा या कव्हरमधला सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. पुढे कर्क वेलमचा सॅक्सोफोन येतो (तो मला किंचित गुळचट वाटतो), क्षणभर शांतता होते, ढोलाचा एकच ठोका पडतो आणि गाणे वरच्या पट्टीत उसळते. गळ्याच्या ताकदीला येथे तोड नाही. मात्र डॉलीचा संकोच या भव्यतेत हरवतो.

याच ध्वनिमुद्रिकेतील ‘आय अ‍ॅम एव्हरी वुमन’ हे गायिका चाका खानचे १९७८ चे गाणे. नव्या रूपात नाचाचा ठेका वाढला आहे, व्हिटनी शेवटी चाकाचे नाव घेऊन तिला दादही देते. तरीही मूळ गाण्यातील व्हायोलिनांची झेप आणि चाकाचा मोकळा, धारदार आवाज मला अधिक भावतो.